शब्दांच्या पोटातले शब्द : प्रस्तावना

‘पंक मळला, त्यात उमलले फूल.’ हे पाच शब्दांचे वाक्य वाचून एखाद्या वाचकाच्या डोळ्यांपुढे पावसाळ्यातले तळे उभे राहील, दुसऱ्याला त्यात काही नीतिबोध दिसेल. परंतु ज्याला शब्दकोड्याची दृष्टी आहे तो त्या चित्राकडे पाठ फिरवून अक्षरांकडे वळेल, ‘पंक’ आणि ‘मळला’ ह्या दोन शब्दांमधली मोकळी जागा मनातल्या मनात पुसून टाकील, आणि पहिल्या शब्दाचे शेवटचे अक्षर दुसऱ्या शब्दाच्या पहिल्या दोन अक्षरांना लागताच ‘कमळ’ हा शब्द त्याच्या हाती येईल. वाक्याने त्याची दिशाभूल केली खरी, पण त्याला खोटे काहीच सांगितले नाही. ‘त्यात उमलले’ असे म्हणून कोठे शोधावे हे सांगितले, ‘फूल’ असे म्हणून काय शोधावे हे सांगितले, आणि शोध पुरा झाल्यावर उत्तराविषयी शंका घ्यायला जागा ठेवली नाही. प्रस्तुत संग्रहातील सारी कोडी ह्या जातीची आहेत. कोडे कितीही गूढ असावे, पण ते लबाड नसावे. त्याचे उत्तर एकच असावे, आणि ते सूत्रातील शब्दांवरून सिद्ध करून दाखविता यावे, ही एकच कसोटी संग्रह करताना डोळ्यांपुढे ठेवली, आणि तिला न उतरलेली कोडी, त्यांतली काही मोठी मोहक असूनही, वगळली.

हा संग्रह ज्या विद्यार्थ्यांसाठी मुख्यतः सिद्ध केला ते मन्नाएखेळ्ळीच्या आसमंतातले आहेत. पुणे-हैदराबाद हमरस्त्यावर, हुमनाबाद आणि जहीराबाद ह्यांच्या दरम्यान वसलेले हे गाव बीदर जिल्ह्यात मोडत असले, तरी तेथून दक्षिणेस चिंचोळीच्या वाटेला लागलेला माणूस थोडक्याच वेळात कलबुर्गी जिल्ह्याच्या हद्दीत शिरतो, आणि पूर्वेस निघालेला तेलंगणात पोहोचतो. निजामाच्या अमदानीत बीदर जिल्ह्याचा विस्तार आजच्याहून पुष्कळ मोठा होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, नारायणखेड व जहीराबादचा बहुतेक भाग आंध्र प्रदेशाकडे गेला, आणि बाकीचा मुलूख म्हैसूर राज्यात आला. जमिनीची वाटणी दप्तरात झाली. बोलींची मात्र तशी वाटणी होऊ शकली नाही, आणि म्हणून घरी मराठी, वर्गात कानडी, बाजारात दखनी आणि नात्यागोत्यात प्रसंगी तेलुगू अशा चार भाषा ह्या भागातल्या मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडत आल्या आहेत. हुमनाबादेजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठी, कानडी, हिंदी अशा निरनिराळ्या भाषांत पदे रचली, त्यात येथल्या श्रोत्यांना नवल वाटण्यासारखे काही नव्हते.

अशा मुलखातल्या विद्यार्थ्यावर त्याची मराठी ‘शुद्ध’ नाही असा आक्षेप वारंवार घेतला जातो, आणि तो मुलांच्या मनाला लागतो हे मी जाणतो. माझे मत ह्याच्या अगदी उलट आहे. एकच ध्वनी दोन भाषांत दोन अर्थांनी ऐकण्याची ज्याला सवय आहे, त्याच्या अंगी कोडी सोडविण्याची अर्धी पात्रता आधीच आलेली असते. कारण गूढ शब्दकोड्याचे सारे मर्म एका शब्दाकडे दोन बाजूंनी पाहण्यात आहे. ‘कानडी घर, मराठी अंतःकरणे (२)’ हे सूत्र पुण्याच्या विद्यार्थ्याला कोशाशिवाय सुटणार नाही. मन्नाएखेळ्ळीच्या मुलाला ‘मने’ हे उत्तर उच्चारायलाही वेळ लागणार नाही. संग्रहात अशा दुभाषी कोड्यांचा एक स्वतंत्र विभाग आहे, आणि तो मी परिशिष्टात न टाकता मुद्दाम मध्यभागी ठेवला आहे.

शब्दकोडे ही परदेशी वर्तमानपत्रांनी आणलेली करमणूक आहे, अशी समजूत सर्वत्र आढळते. चौकोनी घरांची आकृती परदेशातून आली हे खरे. परंतु तिच्यात भरावयाचे कौशल्य किती जुने आहे हे पाहण्यासाठी येथल्या विद्यार्थ्याला दूर जाण्याचे कारण नाही. आजचे बसवकल्याण म्हणजे पश्चिम चालुक्यांची राजधानी कल्याण. तेथल्या तिसऱ्या सोमेश्वराने, ज्याला भूलोकमल्ल असे बिरुद होते, ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी त्याचा संपादित पाठ १९२५ पासून खंडशः प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात ही नोंद ह्याच ग्रंथात आहे, म्हणून मराठीच्या अभ्यासकांना त्याचे नाव परिचित असते. पण राजाने कोणत्या क्रीडा कराव्यात हे सांगणाऱ्या त्याच्या शेवटच्या विभागात बुद्धिबळ आणि फासे ह्यांच्या पंक्तीला प्रहेलिका, म्हणजे कोडी घालण्याची क्रीडाही बसविली आहे, ह्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आणि त्यानंतर फार तर एका पिढीच्या अंतराने, त्याच कल्याणात, बसवेश्वरांच्या भोवती जमलेल्या शरणांच्या मेळाव्यात अल्लमप्रभू आपली ‘बेडगिन’ वचने बोलत होते, ज्यांचा वरवरचा अर्थ असंभाव्य वाटतो आणि आतला अर्थ अनुभवी श्रोत्यालाच लागतो. दरबारातली प्रहेलिका आणि शरणांचे गूढवचन ह्यांचे हेतू सर्वस्वी भिन्न. एकीत विनोद, दुसऱ्यात साधना. तरीही ऐकणाऱ्याने पहिल्या अर्थावर थांबू नये, ही अपेक्षा दोन्हींत समान आहे.

सोमेश्वराच्याही आधी पाच शतके, हर्षाच्या काळातल्या बाणभट्टाने ‘कादंबरी’च्या आरंभी शूद्रक राजाच्या विनोदांची गणना केली आहे. तीत अक्षरच्युतक आहे, मात्राच्युतक आहे, चौथा चरण उरलेल्या तीन चरणांत दडविलेला श्लोक आहे, आणि बिंदुमती आहे. ह्यांपैकी बिंदुमती विद्यार्थ्यांनी अवश्य समजून घ्यावी: श्लोकातील अक्षरांच्या जागी नुसते बिंदू मांडावयाचे, त्यांना मात्रा तेवढ्या जशाच्या तशा ठेवावयाच्या, आणि वाचणाऱ्याने त्या रिकाम्या जागा भरून मूळ श्लोक उभा करावयाचा. कृष्णाने कोणाला मारले असा प्रश्न करणारी एक संस्कृत ओळ प्रसिद्ध आहे. तिच्यातील अक्षरांची फोड बदलली की प्रश्नातूनच कंसाचे नाव पुढे येते. आमच्या ‘कमळ’वाल्या सूत्राची जात नेमकी हीच. आणि दंडीने तर ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगताना पूर्वाचार्यांनी चौदा दुष्ट प्रहेलिकाही मानल्याचे नमूद केले आहे. कोड्यालाही दोष असू शकतो, त्याचीही निर्दोष आणि सदोष अशी निवड करावी लागते, हा विचार इतका जुना आहे.

मराठीत संतांच्या कूटरचनांनी ही परंपरा पुढे नेली, आणि पंडित कवींनी तिला कारागिरीची जोड दिली. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) शंभराहून अधिक रामायणे रचली. त्यांतले एक निरोष्ठ, म्हणजे ज्यात ओठाला ओठ लावणारे एकही अक्षर नाही असे, आणि दुसऱ्या एकात रामाचा तेरा अक्षरी मंत्र पद्यांत गुंफलेला. हा निव्वळ शब्दांचा खेळ आहे असे म्हणून पुष्कळ टीकाकारांनी तो बाजूला सारला. काव्य म्हणून त्याची योग्यता काय हा प्रश्न मी येथे उपस्थित करीत नाही. परंतु प, फ, ब, भ, म ही पाच अक्षरे वर्ज्य करून दहा वाक्ये लिहून पाहावीत, म्हणजे आपल्या भाषेतले किती शब्द आपल्याला ठाऊक असूनही कधी हाताशी येत नाहीत, हे विद्यार्थ्याला तत्काळ कळेल. ‘आई’ सापडेल, ‘बाप’ सापडणार नाही. ‘वडील’ शोधावे लागतील. एका गोष्टीचा मात्र येथे भेद केला पाहिजे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते, आणि इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी सकळ लिपीचा उलगडा करीपर्यंत ते पंथाबाहेरच्या अभ्यासकांना बंद होते. तेथे लपविण्याचा उद्देश परक्याने वाचू नये हा होता. कोडे रचणारा ह्याच्या उलट वागतो: तो दडवितो ते सापडावे म्हणूनच, आणि सापडले नाही तर त्याचा हेतू असफल होतो.

चौकोनी शब्दकोड्याचा आजचा अवतार न्यू यॉर्कच्या ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’ ह्या वर्तमानपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन ह्यांनी प्रसिद्ध केला. ते साधे, अर्थावरून शब्द ओळखण्याचे कोडे होते. गूढ सूत्रांचे कोडे इंग्लंडात वाढले. ‘ऑब्झर्व्हर’ पत्रात १९२६ पासून ‘टॉर्केमाडा’ ह्या टोपणनावाने ते येऊ लागले, आणि पुढे ‘झिमेनीझ’ ह्या नावाने लिहिणाऱ्या मॅकनट नावाच्या शिक्षकाने सूत्र कसे न्याय्य असावे ह्याचे नियम १९६६ साली ग्रंथरूपाने बांधून दिले. विद्यार्थ्यांना मात्र दुसऱ्या एका शिक्षकाची हकिकत अधिक आवडेल. १९४४ च्या मे महिन्यात, दोस्त सैन्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरण्याच्या तयारीत असताना, ‘डेली टेलिग्राफ’च्या कोड्यांत ‘यूटा’, ‘ओमाहा’, ‘ओव्हरलॉर्ड’, ‘मलबेरी’ असे त्या मोहिमेतले सांकेतिक शब्द एकामागून एक उत्तरे म्हणून येऊ लागले. हेरखात्याने कोडी रचणाऱ्या लेनर्ड डॉ ह्या मुख्याध्यापकांची कसून चौकशी केली, आणि ते निर्दोष ठरले. त्यांच्या एका विद्यार्थ्याने पुष्कळ वर्षांनी सांगितले की रिकाम्या चौकटी भरण्याचे काम ते शाळेतल्या मुलांनाच देत, आणि जवळच्या सैनिकी तळांवर कानी पडलेले शब्द मुले त्यांत घालीत. चौकट विद्यार्थ्यांनी भरावी आणि सूत्रे शिक्षकांनी लिहावीत, ही पद्धत आपल्या शाळांनीही उचलण्यासारखी आहे.

ह्यानंतर मला अशा एका प्रकरणाकडे वळले पाहिजे की जे विद्यार्थ्यांच्या पुस्तकात अप्रस्तुत वाटेल, पण माझ्या मते ह्या विषयाचा गाभाच आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्या देशात रोख बक्षिसांच्या शब्दकोड्यांची लाट उसळली होती. प्रवेश फी भरावी, चौकट भरून पाठवावी, आणि आयोजकाच्या मोहोरबंद लखोट्यातल्या उत्तराशी आपले उत्तर जुळले तर इनाम मिळावे, असा तो शिरस्ता. आता ‘पक्षी’ एवढेच सूत्र देऊन तीन घरे मोकळी ठेवली, तर चिमणी, कावळा, बगळा, पारवा ही चारही उत्तरे सारखीच योग्य ठरतात. त्यांतले कोणते लखोट्यात आहे हे कितीही व्यासंग केला तरी कळणार नाही. म्हणजे नाव शब्दज्ञानाचे आणि व्यवहार सोडतीचा. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ ह्या साप्ताहिकातून चालणाऱ्या अशा एका स्पर्धेवर मुंबई राज्याने कर बसविला, त्यावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९५७ साली न्यायालयाने ती स्पर्धा जुगार ठरवून तिला व्यापाराचे संरक्षण नाकारले. तत्पूर्वीच १९५५ साली केंद्राने बक्षीस-स्पर्धांचा कायदा करून महिन्याची बक्षिसे एक हजार रुपयांपर्यंत आणि प्रवेशपत्रे दोन हजारांपर्यंत मर्यादित केली होती. तो कायदा ज्या स्पर्धांत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते त्यांना लागू नाही, असाही निर्वाळा न्यायालयाने त्याच वर्षी दिला.

ह्या निवाड्यात कोडे रचणाऱ्यासाठी एक पक्का मापदंड आहे. सूत्र वाचून ज्ञान आणि तर्क ह्यांच्या बळावर एकाच उत्तरापर्यंत जाता येत असेल तर ते कोडे. अनेक उत्तरांतून एकावर बोट ठेवावे लागत असेल तर ती सोडत, मग पैसा गुंतलेला असो वा नसो. आजही पुष्कळ शालेय पुस्तकांतली कोडी ह्या दुसऱ्या वर्गात मोडतात, आणि मुलाने बरोबर उत्तर दिले असताही छापील उत्तराशी ते जुळत नाही म्हणून त्याला चूक ठरविले जाते. हा मला अन्याय वाटतो.

आता मराठी कोड्याच्या खास अडचणींकडे येतो. रोमन लिपीत एका घरात एक वर्ण बसतो, स्वर वेगळा आणि व्यंजन वेगळे. आपल्याकडे घरात बसते ते अक्षर, म्हणजे व्यंजन, त्याची मात्रा, त्याचा अनुस्वार आणि जोडाक्षर असेल तर त्याचे सर्व घटक ह्यांसह. मन्नाएखेळ्ळी हे नाव रोमन लिपीत बारा घरे अडवील. आपल्या चौकटीत त्याला म, न्ना, ए, खे, ळ्ळी अशी पाच घरे पुरतात. घरे कमी लागतात ही सोय झाली, पण प्रत्येक घर अधिक हट्टी होते ही अडचण झाली. त्या शेवटच्या ‘ळ्ळी’वरून आडवा शब्द उभ्या शब्दाला छेदावयाचा, तर त्याच ‘ळ्ळी’चा दुसरा शब्द हवा, नुसता ‘ळ’ चालणार नाही, ‘ळी’ही चालणार नाही. कोश चाळून शब्द मिळेना, तेव्हा शेजारच्याच हळ्ळीखेडने सुटका केली. इंग्रजीत शब्दातले वर्ण हवे तसे फिरवून नवा शब्द करता येतो; मराठीत मात्रा आपल्या व्यंजनाला सोडत नाही, म्हणून ‘नवरा’ कितीही फिरविला तरी त्याचा ‘वानर’ होत नाही. इंग्रजी कोड्यांची मराठी नक्कल करणारे येथेच ठेचाळतात.

ह्रस्व-दीर्घाचा प्रश्न ह्यातूनच उद्भवतो. १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मान्य केलेल्या लेखननियमांनुसार ‘कवी’ दीर्घ आणि ‘कविता’तला ‘वि’ ह्रस्व. अर्थात ‘कविते’च्या पोटात ‘कवी’ आहे असे म्हणता येणार नाही, कितीही म्हणावेसे वाटले तरी. ज्या विद्यार्थ्याला शुद्धलेखनाचे नियम पाठ करण्याचा कंटाळा येतो, त्याला आडव्या आणि उभ्या शब्दांचा छेद बसेना की ते नियम आपोआप कळतात, आणि का हवेत तेही कळते. ह्या संग्रहात मात्रेची कोठेही सवलत घेतलेली नाही.

सूत्रांचे प्रकार अनेक आहेत. सर्वांची यादी देऊन वाचकाचा आनंद हिरावून घेण्याची माझी इच्छा नाही. सर्वांत सोपा प्रकार जोडणीचा. ‘बियाण्यापुढे भाव ठेवा, बहामनी राजधानी मिळेल (३)’ ह्यात बियाणे म्हणजे ‘बी’, भाव म्हणजे ‘दर’, आणि मिळते ते ‘बीदर’. वाक्य मोंढ्यातले वाटते, उत्तर किल्ल्यात आहे. ‘कमल विस्कटले, हाती आली लेखणी (३)’ ह्यात ‘विस्कटले’ हा शब्द अक्षरे फिरविण्याची आज्ञा देतो आणि ‘कलम’ हाती येते. ‘संयम उलटला की गर्व (२)’: शम-दमांतला ‘दम’ उलटा वाचावा, ‘मद’ होतो, मला स्वतःला हे सूत्र विशेष प्रिय आहे, कारण त्यात अक्षरांची क्रिया आणि अर्थाची क्रिया एकच झाली आहे. ‘शहराचे शिर गेले, तरी मगज राहिला (२)’ हे बाणाच्या अक्षरच्युतकाचे थेट वंशज: ‘नगरा’चा ‘न’ गेला, ‘गर’ उरला, आणि फळाच्या गराला मगज म्हणतात हे ज्याला ठाऊक नव्हते त्याला ते आता ठाऊक झाले. ‘शासनाला द्यावा लागतो तो हात (२)’ ह्यात ‘कर’ शब्दाचे दोन अर्थ शेजारी ठेवले आहेत, अक्षरांची काहीच हालचाल नाही. प्रत्येक सूत्रात एक भाग उत्तराचा सरळ अर्थ सांगतो आणि तो बहुधा वाक्याच्या आरंभी किंवा अखेरीस असतो. उरलेला भाग घडण किंवा दुसरा अर्थ सांगतो. कंसातला आकडा अक्षरसंख्येचा. ह्या तीन गोष्टींचा एकमेकींशी मेळ बसला की उत्तराची रुजवात झाली, आणि मग ते कोणाला विचारावे लागत नाही.

शिक्षकबंधूंना माझी विनंती आहे की ही कोडी परीक्षेत घालू नयेत आणि त्यांना गुण देऊ नयेत. तासाच्या शेवटी फळ्यावर एकच सूत्र लिहावे, दुसऱ्या दिवसापर्यंत ते तसेच राहू द्यावे, आणि उत्तर सांगणाऱ्याला पहिला प्रश्न ‘कशावरून?’ हा करावा. मुलांनी स्वतः सूत्रे रचण्यास आरंभ केला की त्यांच्यावरही हाच प्रश्न लादावा. वर्गात एखाद्याने दुसरे निर्दोष उत्तर काढले, तर रचणाऱ्याने सूत्र बदलावे, सोडविणाऱ्याने उत्तर बदलू नये.

विद्यार्थ्यांनी चौकट शिसपेन्सिलीने भरावी आणि सिद्धता पटल्यावाचून शाईने लिहू नये. उत्तरे शेवटच्या पानांवर दिली आहेत, आणि प्रत्येक उत्तरापुढे ते सूत्रातून कसे निघाले हेही दिले आहे. एखादे कोडे सुटेनासे झाल्यास ती पाने खुशाल उघडावीत, परंतु नुसते उत्तर वाचून पुढे न जाता त्याची सिद्धता शब्दाशब्दाने तपासून पाहावी, आणि ती पटली नाही तर छापील उत्तर मान्य करू नये.